ट्रंकेतली संगीन इटलीची की ईशापूरची?

गावाकडचं घर आवरलं, आईवडील मुलाकडे बंगळुरूला राहायला आले आणि सामानाबरोबर पणजोबांची लोखंडी ट्रंकही आली. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती ट्रंक ठेवायची कुठे, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न ती उघडल्यावर पडतो. पेन्शनचं पुस्तक, दोन-तीन मेडलं आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेलं हातभर लांबीचं, लाकडी मुठीचं पातं! सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगावकडच्या फौजी घरांतून आलेल्या माणसाला यात फारसं नवल वाटत नाही. घरातली सून मात्र घाबरते. 'लहान मुलांचं घर आहे, देऊन टाका भंगारात' असं म्हणते. तिचंही काही चुकत नाही. पण भंगारात द्यायच्या आधी ते पातं जरा नीट पाहायला हवं.

ही संगीन. बंदुकीच्या तोंडाशी बसवायचं पातं. इंग्रजीतलं 'बायोनेट' हे नाव फ्रान्समधल्या बायोन गावावरून पडलं असं मानतात. आणि मराठी घरात इटलीची संगीन येते कशी, याचं उत्तर आहे आफ्रिकेत.

१९४१ सालचा फेब्रुवारी-मार्च. इरिट्रियातल्या केरेन गावाच्या वाटेवर, डोंगरांच्या कड्यांवर इटालियन फौज ठाण मांडून बसली होती. खालून चढणाऱ्यांत चौथी आणि पाचवी हिंदी डिव्हिजन होती, आणि पाचव्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. सह्याद्रीत वाढलेल्या पोरांनी तिथले बोडके डोंगर चढून 'फ्लॅट टॉप' नावाची टेकडी घेतली. २७ मार्चला केरेन पडलं, १ एप्रिलला अस्मारा. 'केरेन' हा युद्धसन्मान मराठा रेजिमेंट आजही मिरवते. रणांगणात पडलेल्या हत्यारांतलं एखादं आठवण म्हणून पिशवीत टाकणारे शिपाई सगळ्याच फौजांत होते.

हरलेल्या इटालियनांचं काय झालं, हे बंगळुरूकरांनाही फारसं ठाऊक नसतं. हजारो युद्धकैदी जहाजांतून हिंदुस्थानात आणले गेले आणि त्यांच्यासाठी उभारलेल्या मोठ्या छावण्यांपैकी काही बंगळुरूलाच, जलहळ्ळीच्या बाजूला होत्या. इलेक्ट्रॉनिक सिटी शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तेव्हा तिथे कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर ही साधी खेडी होती. कारखाने आले ते १९७८ नंतर, 'केओनिक्स'ने वसाहत वसवल्यावर.

आता पात्याकडे वळू. आधी शिवणकामाची टेप घ्या. इटालियन शिपायाच्या कारकानो रायफलीची १८९१च्या मॉडेलची संगीन असेल तर नुसतं पातं साधारण ३० सेंटिमीटर भरतं. मूठ लाकडी, दोन रिव्हेटांनी बसवलेली. आडव्या दांडीला एका टोकाला कडं. ही सर्वांत जास्त सापडणारी.

गंमत अशी की, महायुद्धाच्या काळात आपल्या ईशापूरच्या कारखान्यात ली-एन्फिल्ड रायफलीसाठी जी आखूड संगीन बनली, तिचं पातंही १२ इंचांचं, म्हणजे जवळजवळ तेवढंच! म्हणून निव्वळ लांबीवर विसंबून 'इटालियन आहे हो' असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. भिंग घेऊन पात्याचं मूळ तपासावं. मुकुट, त्याखाली 'जी. आर. आय.' किंवा कुठे 'आर. एफ. आय.' अशी अक्षरं दिसली की समजावं, माल ईशापूरचा. 'तेर्नी' किंवा 'ब्रेशिया' ही गावांची नावं असतील तर इटलीचा. आडव्या दांडीवर बहुधा अक्षरं आणि आकडे असा अनुक्रमांकही सापडतो.

पातं चांगलं ५० सेंटिमीटरच्या वर गेलं तर ती आणखी जुनी, १८७०च्या वेटेर्ली रायफलीची असू शकेल. यातल्या पुष्कळ संगिनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कापून आखूड केल्या गेल्या, त्यामुळे पातं आखूड पण मूठ जुन्या घाटाची असा जोड दिसला तर बिचकू नये. मुठीच्या टोकाची खाच उभी नसून आडवी असेल, तर मात्र संग्राहकाचे डोळे चमकतात. ती 'खास दळां'च्या तोकड्या रायफलीची. अशा बऱ्याच संगिनींची खाच पुढे बदलून नेहमीसारखी केली गेली, म्हणून मूळ खाचेची सापडणं अवघड. १९३८ची संगीन तर ओळखायला सर्वांत सोपी. खिशातल्या चाकूसारखी मिटते, पातं जेमतेम १८ सेंटिमीटर. हुशारीची कल्पना, पण बनवायला खर्चीक. पुढे इटालियनांनीच मिटण्याची सोय काढून टाकली.

ओळख पटल्यावर हात शिवशिवतात, पातं लखलखीत करावंसं वाटतं. तसं करू नये. पॉलिश पेपरने गंजाबरोबर शिक्केही जातात आणि मग संगिनीची जातकुळीच पुसली जाते. मऊ फडक्याने शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात फिरवला की पुरे. चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामड्यातल्या आम्लाने आणि ओलीने पातं गंजतं. म्यान शेजारी वेगळं ठेवावं.

कायद्याचं काय? सुनेची भीती इथे खरी ठरू शकते. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची संगीन शस्त्रांत मोडते. सरकारने अधिसूचना काढलेल्या भागात अशा शस्त्राला परवाना लागतो. म्हणजे घडीची १९३८ची या मापात बसत नाही, १८९१ची बसते. आपला भाग अधिसूचित आहे का, हे पोलिसांच्या परवाना शाखेत लेखी विचारून घ्यावं. परदेशातून मागवायची तर आयातीचा परवाना वेगळा. आणि संगीन शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याची बाब येते. अमेरिकेतल्या भाच्याला ती भेट म्हणून परस्पर पाठवता येत नाही. विमानाने गावी नेताना हातातल्या बॅगेत तर मुळीच ठेवू नये.

घरात ठेवणं नकोच असेल तर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात रेजिमेंटचं संग्रहालय आहे, तिथे आधी पत्र लिहून विचारता येतं. पण संगीन एकटी देण्यात अर्थ नाही. ट्रंकेतली मेडलं पाहा. सहा टोकांचा तारा आणि त्यावर 'आफ्रिका' असं इंग्रजीत असेल, तर पणजोबा त्या बाजूला होते याला पुष्टी मिळते. इटलीच्या नावाचा तारा असेल तर पुढच्या मोहिमेतही. त्याच मोहिमेत, १० जुलै १९४४ला, वरच्या टायबर खोऱ्यात मराठ्यांच्या तिसऱ्याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांनी मशिनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल केली. काडतुसं बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक उलटी धरून शेवटच्या दोघांना त्यांनी लोळवलं आणि मग स्वतः पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मेडलांच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं असलं तर तेही उतरवून घ्यावं. दुसऱ्या महायुद्धाच्या ताऱ्यांवर ते मागच्या बाजूला सापडण्याची शक्यता जास्त. पेन्शनच्या पुस्तकातला नंबर त्याच्याशी जुळवावा, बटालियन, गाव आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल ते सगळं एका कागदावर लिहावं आणि तो कागद संगिनीच्या मुठीला दोऱ्याने बांधावा. हे काम आजी आहे तोवर उरकायचं आहे.