टोमॅटो : फळ कीं भाजी?

टोमॅटो फळ कीं भाजी, हा प्रश्न वरवर विनोदी वाटतो. पण त्यापायीं अमेरिकेंत सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला. तेथील १८८३ च्या कायद्यान्वयें परदेशी भाजीवर शेंकडा १० जकात होती, फळांस माफी. वेस्ट इंडीजमधून टोमॅटो आणणाऱ्या निक्स नामक व्यापाऱ्यानें भरलेली जकात परत मागितली. फुलांतील बीजकोश वाढून होतें तें फळ, हा वनस्पतिशास्त्राचा नियम न्यायालयानें मान्य केला. परंतु कायद्यांतील शब्द लोकभाषेप्रमाणें वाचावयाचे, आणि टोमॅटो मुख्य जेवणांत वाढतात, शेवटच्या गोड पदार्थांत नव्हे, म्हणून १० मे १८९३ रोजीं तो भाजीच ठरला. शास्त्र वेलीकडे पाहतें, व्यवहार ताटाकडे. मराठीनें मात्र 'फळभाजी' या एका शब्दांत दोन्ही पक्ष सुखानें नांदविले आहेत.