आरसा आणि प्रत : बॅकअप सर्व्हरमधील निकामी डिस्क बदलण्याविषयी

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबन आणि त्याच्या आसपासचा मुलूख हा कोलाम समाजाच्या वस्तीचा प्रदेश होय. या समाजाची कोलामी भाषा द्राविड कुळातील असून 2011 च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या सुमारे 1 लाख 28 हजार होती. एम. बी. एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ 1955 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. आज अशा भाषांचा अभ्यास ध्वनिमुद्रणांवर व संगणकातील नोंदींवर चालतो. पोडावरील एखाद्या वृद्धेचे कथन एकदा नष्ट झाले, की ते पुन्हा मिळेलच असे नाही. सबब या सामग्रीचे जतन करणारे यंत्र भाषाभ्यासकालाही परके राहून चालणार नाही.

समजा, अशी मुद्रणे आणि त्यांचा डेटाबेस एका बॅकअप सर्व्हरवर ठेवला आहे. कोणता आवाज कोणाचा, कोणत्या गावचा, कोणत्या दिवशीचा, हे डेटाबेसच सांगतो. तो गेल्यास मुद्रणे असूनही मुकी ठरतात. म्हणून तेथे दोन डिस्क जोडीने बसवितात व प्रत्येक नोंद एकाच वेळी दोहोंवर लिहिली जाते. हीच आरसा-पद्धती. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 मध्ये डिस्कसमूहांचे जे वर्गीकरण केले, त्यात हिला पहिले स्थान आहे. हे तिघेही कॅलिफोर्निया विद्यापीठाचेच, हा एक योगायोग.

जोडीतील एक डिस्क निकामी झाली तरी काम थांबत नाही. धोका येथेच आहे, कारण त्या क्षणापासून आरसा उरत नाही, एकच प्रत उरते. अशा वेळी पहिले कर्तव्य नवी डिस्क बसविण्याचे नव्हे. डेटाबेसची ताजी प्रत दुसऱ्या यंत्रावर काढून ती उघडते की नाही हे पाहण्याचे आहे. त्यानंतर निकामी डिस्कचा अनुक्रमांक प्रणालीकडून मिळवून तो डिस्कवरील चिठ्ठीशी ताडून पाहावा. नुसत्या खोबणीच्या क्रमावर विसंबल्यास चांगलीच डिस्क उपसली जाण्याचा संभव असतो. मग निकामी डिस्क समूहातून रीतसर वगळावी. नवी डिस्क जुनीपेक्षा तिळमात्रही लहान नसावी. तिच्यावर जुन्यासारखेच विभाग पाडून ती समूहात दाखल करावी. सर्व्हर याच जोडीवरून सुरू होत असेल, तर आरंभ करून देणारा प्रोग्रॅम नव्या डिस्कवरही घालावा लागतो.

यापुढे उरलेल्या डिस्कवरील मजकूर आरंभापासून अखेरपर्यंत वाचला जाऊन नव्या डिस्कवर उतरतो. 4 टेराबाइटची डिस्क सेकंदाला 150 मेगाबाइट या वेगाने भरण्यास सुमारे साडेसात तास लागतात. वर्षानुवर्षे न वाचलेले भागही या वेळी वाचले जात असल्याने दडलेला दोष नेमका तेव्हाच प्रकट होऊ शकतो. दोन्ही डिस्क एकाच वयाच्या असल्यास ही भीती अधिक. यासाठी संपूर्ण वाचनाची तपासणी ठरावीक काळाने करीत राहणे श्रेयस्कर. काम पूर्ण झाल्याचा संदेश आला, तरी डेटाबेसमधील नोंदी प्रत्यक्ष वाचून त्यांची खातरजमा केली पाहिजे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. आरसा समोरचे जसेच्या तसे दाखवितो. चुकीने पुसलेली नोंद तो दुसऱ्या डिस्कवरूनही तत्क्षणी पुसतो. तो यंत्राच्या मरणापासून रक्षण करतो, माणसाच्या प्रमादापासून नव्हे; आगीपासून तर नव्हेच. महानुभाव परंपरेनुसार 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत धाडीत नष्ट झाली आणि हिराइसा प्रभृतींच्या स्मरणाच्या आधारे तो ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला. तो पाठ पोथीसोबत एकाच बासनात बांधलेला नव्हता, म्हणून वाचला. कोलामीच्या मुद्रणांनाही आरशाबरोबर अशीच एक दूरची, स्वतंत्र प्रत हवी.