'माग' : एक शब्द की दोन?

भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणणारा कामगारवर्ग बहुभाषिक आहे. उत्तर प्रदेशातून आलेला उर्दूभाषक विणकर आपल्या यंत्रास 'लूम' म्हणतो, हातयंत्रास 'करघा' म्हणतो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकराच्या भाषेत ते 'मग्गमु' आहे आणि मराठीत 'माग'. यांतील शेवटच्या दोन शब्दांचे साम्य केवळ ध्वनीचे आहे की कुळाचे, हा प्रश्न मराठी व्युत्पत्तिविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

मराठीत 'माग' या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत : 'पाऊलखूण, मार्ग' आणि 'विणण्याचे साधन'. पहिल्या अर्थाची व्युत्पत्ती निर्विवाद आहे. संस्कृत 'मार्ग', प्राकृत 'मग्ग', मराठी 'माग' हा क्रम 'हस्त–हत्थ–हात', 'सप्त–सत्त–सात' यांच्याशी तंतोतंत जुळतो. 'मागे', 'मागोवा' ही त्याचीच संतती, आणि 'मागणे' हे क्रियापदही मूळ 'शोधणे' या अर्थावरून याच घराण्यात येते. धोट्याची ये-जा हा सुताचा मार्गच, असे म्हणून दुसरा अर्थही येथेच बसविण्याचा मोह होतो. कल्पना सुंदर आहे. पण तिला पुरावा नाही. संस्कृतात मागाला 'वेमन्' असा स्वतंत्र शब्द आहे. 'तर्कसंग्रहा'त वस्त्राचे निमित्तकारण म्हणून तुरी आणि वेमा यांचाच उल्लेख येतो, 'मार्गा'चा नव्हे.

निर्णायक ठरते ती शब्दाची भौगोलिक व्याप्ती. मराठीच्या उत्तरेस हा शब्द या अर्थाने आढळत नाही : गुजरातीत 'साळ', हिंदीत 'करघा'. दक्षिणेस मात्र कन्नड व तुळू 'मग्ग', तेलुगू 'मग्गमु'. कन्नडात 'मार्ग' हा संस्कृत शब्द 'रस्ता' या अर्थाने वेगळा नांदतो, म्हणजे तेथे या दोहोंची गल्लत झालेली नाही. तेव्हा मराठीतील विणकरांचा 'माग' हा दक्षिणी 'मग्ग'चा अवतार मानणे अधिक सयुक्तिक होय. द्वित्त व्यंजन सुटून आधीचा स्वर दीर्घ होण्याच्या प्रक्रियेत हा शब्द सापडला असेल, तर त्याचा मराठीतील प्रवेशही बराच जुना ठरतो. ध्वनिपरिवर्तनाने दोन भिन्न शब्द एकरूप झाले, इतकेच.

तथापि 'मग्ग' सरसकट मूळ द्राविडी म्हणणेही घाईचे होईल. तमिळ व मलयाळमात मागाला 'तऱि' म्हणतात. म्हणजे हा शब्द एका कुळापेक्षा दख्खनच्या विणकरीचा अधिक आहे. कन्नड 'कैमग्ग' आणि मराठी 'हातमाग' या समासांची घडण एकच आहे. 'यंत्रमागा'ला तेलुगूत 'मरमग्गमु' हा तसाच जोड आहे.

भिवंडीतील उरलेल्या दोन शब्दांचा इतिहास निराळा आहे. 'करघा' हा फारसी 'कारगाह' म्हणजे कामाची जागा. इंग्रजी 'लूम'चा प्राचीन अर्थ कोणतेही अवजार असा होता, आणि वडिलोपार्जित वस्तूला इंग्रजीत 'एअरलूम' म्हणतात त्यात तो अजून टिकून आहे. दोन्हीकडे व्यापक अर्थ आकुंचित होऊन विणकरीपुरता उरला. 'मग्ग'च्या बाबतीत कन्नड-तेलुगूत असा पूर्वीचा व्यापक अर्थ हाती लागत नाही. तो शब्द प्रथमपासून विणकरांचाच दिसतो. म्हणूनच कोशात 'माग' या एकाच नोंदीखाली दोन्ही अर्थ क्रमांक देऊन छापणे सदोष आहे. त्या दोन स्वतंत्र नोंदी व्हावयास हव्यात, आणि दुसरीपुढे 'मार्ग' नव्हे, 'मग्ग' लिहिले जावयास हवे.