उभ्या बोटीचा खर्च

समुद्र हिंगोलीपासून कैक कोस दूर. तरी इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की पैनगंगेकाठची गावं सावध होतात, कयाधूही मधूनच काठ सोडते, आणि यंत्राच्या बोटीची आठवण होते. बोट घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: तासाला तेल किती पिते? प्रश्न रास्त आहे, पण पूरबचावाच्या बोटीसाठी दुय्यम. तिचा पैसा धावण्यात कमी आणि उभं राहण्यात जास्त जातो.

40 अश्वशक्तीचं, बोटीच्या पाठीला टांगलेलं चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन, म्हणजे ओबीएम, पूर्ण वेगात तासाला साधारण 12 ते 15 लिटर पेट्रोल खातं. बोटीच्या पोटात बसवलेलं डिझेल इंजिन एक तृतीयांश तेल वाचवतं असं धरू. वर्षात 50 तास बोट चालली, तर वाचले फार तर 250 लिटर. शंभराच्या भावाने 25 हजार रुपये. तेवढ्यासाठी जड इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट आणि त्याचं पॅकिंग सांभाळायचं, शिवाय धरणात बुडालेल्या बाभळीच्या खुंटांवर पंखा आपटायची धास्ती. ओबीएम निदान वर उचलता तरी येतं. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणाऱ्या लाँचसारखी बोट वर्षाला 2000 तास धावली, तर याच हिशोबाने 10 हजार लिटर वाचतील. तिथे डिझेलच हवं.

पाणी आत ओढून मागे फेकणाऱ्या वॉटरजेटला उघडा पंखा नसतो, म्हणून बुडणाऱ्याजवळ तो सुरक्षित, हा ओबीएमवरचा आक्षेप वजनदार आहे. पण पुराच्या पाण्यातलं गवत आणि काडीकचरा जेटच्या तोंडाशी अडकतो, आणि कमी वेगात तो तेलही जास्त खातो. पंख्याभोवती जाळीदार कडं बसवणं स्वस्त पडतं.

खरा खर्च ऑक्टोबर ते मे या महिन्यांचा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं. कार्बोरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल चिकट होऊन बारीक छिद्रं बुजवतं. पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी इंपेलर पडून पडून ताठरतं. समुद्रात इंजिनाला गंजापासून वाचवणारा जस्ताचा तुकडा गोड्या पाण्यात निकामी ठरतो, तिथे मॅग्नेशियमचा लागतो. इंधनाचं मोल एवढं कमी, तर मग हलकं, सुटसुटीत टू-स्ट्रोक का नको? कारण त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. चार-स्ट्रोकचं उरलेलं पेट्रोल एखाद्या मोटारसायकलीत ओतून संपवता येतं. मिश्रण मात्र कॅनमध्येच जुनं होतं. चार-स्ट्रोकचं ऑइल दरवर्षी बदलावं लागतं, पण ते परवडतं.

विजेच्या बोटीचंही सांगितलं जातं. केरळात वैक्कम–तवणक्कडवू मार्गावर 2017 पासून ‘आदित्य’ ही सौर बोट 75 प्रवासी नेते. पण तिला ठरलेला मार्ग आहे आणि रोजचं काम आहे. पुरात मार्ग ठरलेला नसतो, तारा तुटून वीज गेलेली असते, आणि बॅटरी वापरली नाही तरी तिचं वय वाढतच राहतं. सिद्धेश्वर जलाशयावर रोज पर्यटक फिरवायचे असते, तर मी विजेचीच शिफारस केली असती.