गोलीला कोण उभं राहणार?

गुरुवारची रात्र, साडेअकरा. शनिवारच्या खेळासाठी ग्रुपवर टाकलेल्या पोलमध्ये 'येतोय'पुढे नऊ नावं आहेत आणि 'बघतो'पुढे सात. टर्फ चौदा जणांच्या हिशेबानं घेतलेलं आहे आणि त्याचे पैसे एकाच माणसाच्या खात्यातून गेलेत. तो माणूस आता एकेकाला फोन लावत बसलाय. मुंबई, ठाणे, पुण्यात टर्फवर फुटबॉल खेळणाऱ्या हौशी टीमला असा एक माणूस असतोच. तो कंटाळला की टीम बंद पडते. हरण्यामुळे टीम सहसा मोडत नाही. बहुतेक वेळा ती मोडते या फोनाफोनीमुळे.

कोल्हापूरच्या फुटबॉलचं वेगळं आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही तिथल्या संघांची नावं म्हणजे तालमींची नावं. पेठेतलं पोरगं चेंडूला पाय लावायच्या आधीपासून आपली तालीम कोणती ते ओळखून असतं. शाहू स्टेडियमवर उतरताना काय करायचं आणि काय नाही, हे त्याला पेठेनंच शिकवलेलं असतं. ऑफिसातले सहकारी, कॉलेजचे जुने दोस्त आणि सोसायटीतले शेजारी मिळून उभ्या राहिलेल्या टीमच्या पाठीशी अशी पेठ नसते. तिथे एक जण पोट कमी करायला आलेला असतो. दुसरा कधीकाळी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळलेला असतो आणि त्याला आजही जिंकायचंच असतं. तिसऱ्याला आठवड्यातून एकदा मित्र भेटले की पुरतं. तिघांचंही बरोबरच आहे. पण कोण कशासाठी आलंय हे कुणी कधी बोललेलं नसतं, आणि मग पहिल्या चुकलेल्या पासवरून आवाज चढतो.

म्हणून पहिली गोष्ट हंगामाच्या सुरुवातीलाच, चहा पिताना, सगळ्यांसमोर ठरवायला हवी: ही टीम जिंकण्यासाठी आहे की सगळ्यांनी खेळण्यासाठी? लीगमध्ये उतरायचं असेल तर चांगल्या खेळाडूला जास्त वेळ मिळणार, हे स्पष्ट सांगावं. नुसतं शनिवारी खेळायचं असेल तर वेळ सगळ्यांना सारखा. दोन्ही प्रकारच्या टीम नीट चालतात. तोंडानं 'मजेसाठी' म्हणायचं आणि दोन गोल खाल्ले की कच्च्या खेळाडूला बाहेर बसवायचं, अशी टीम मात्र टिकत नाही. लहानपणी खेळात लिंबूटिंबू असायचे. त्यांना ते मान्यही असायचं. चाळिशीतल्या माणसाला न सांगता लिंबूटिंबू केलं तर तो पुढच्या आठवड्यात येत नाही, आणि का आला नाही ते सांगतही नाही.

दुसरी गोष्ट हजेरीची. फुटबॉलच्या नियमावलीतला तिसरा नियम सांगतो, की एखाद्या संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर अकरा जणांचा सामना सुरू करता येत नाही आणि पुढे चालूही ठेवता येत नाही. टर्फवर हा नियम लावायला कुणी येत नाही, पण पाच विरुद्ध चार असा तास काढला की त्यामागचं शहाणपण पटतं. जुन्या, टिकलेल्या टीममध्ये साधी पद्धत दिसते: गुरुवारी रात्री नऊपर्यंत उत्तर द्यायचं, 'बघतो' म्हणजे 'नाही' धरायचं, आणि रिकामी जागा लगेच राखीव यादीतल्या माणसाला द्यायची. नऊनंतर टांग दिली तर बदली भिडू आणायची जबाबदारी टांग देणाऱ्याचीच.

पैशाचा हिशेब कागदावर मांडला की भांडण अर्ध्यावर येतं. समजा टर्फचे तासाला २,००० रुपये. चौदा जण आले तर प्रत्येकी १४३ रुपये पडतात. चौघांनी ऐनवेळी टांग दिली की उरलेल्या दहा जणांना प्रत्येकी २०० रुपये पडतात, शिवाय खेळही विस्कटतो. यावर बऱ्याच टीमना सुचणारा पहिला उपाय म्हणजे दंड. पण दंड उलटाही फिरू शकतो. उरी ग्निझी आणि अल्डो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांमध्ये केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना तिथे दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. आधी शिक्षिका ताटकळते म्हणून लाज वाटायची. आता पैसे भरले की झालं. दंड काढून टाकला तरी आकडा खाली आला नाही. फुटबॉलच्या टीममध्येही पन्नास रुपये देऊन टांग मारायची मोकळीक विकत घेतली जाऊ शकते. त्यापेक्षा महिन्याची वर्गणी पहिल्या तारखेलाच गोळा करणं बरं. या की न या, जागेचे पैसे भरलेले असतात, आणि भरलेले पैसे माणसाला घरातून बाहेर काढतात.

आता खरा नाजूक विषय: कोण किती खेळणार आणि गोलीला कोण उभं राहणार?

गणित सोपं आहे. सात जणांची टीम, साठ मिनिटांचा खेळ, म्हणजे वाटायला एकूण ४२० मिनिटं. नऊ जण आले तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ४७ मिनिटं येतात, आणि तेरा-चौदा मिनिटं बाहेर बसावं लागतं. बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याची मुभा पाच-पाच जणांच्या फुटसालमध्ये आहेच. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळानंही २०१७ मध्ये हौशी, ज्येष्ठ आणि युवा गटांच्या सामन्यांत ती देता येईल अशी तरतूद केली. तेव्हा 'एकदा बाहेर गेला की गेला' असा आग्रह धरायचं हौशी टीमला कारण नाही. बाहेर बसलेल्याच्या हातात घड्याळ द्यावं. अदलाबदलीची हाक तोच देईल. गोली हाही याच हिशेबाचा भाग. कायमचा गोली मिळाला तर त्याला जपावं आणि त्याची वर्गणी खुशाल माफ करावी. नाहीतर दर आठ-नऊ मिनिटांनी पाळी बदलायची. सात जणांत तास बरोबर वाटला जातो आणि 'मी मागच्या वेळी उभा होतो' हा वाद उरत नाही.

शिवीगाळीबद्दल आधी बोलायला लोक संकोचतात, पण इंग्लंडच्या रविवारच्या लीगकडून इथे शिकण्यासारखं आहे. तिथे रविवारच्या फुटबॉलला अधिकृत मान्यताच १९६० मध्ये मिळाली. पूर्व लंडनच्या हॅकनी मार्शेसवर एकेकाळी शंभरावर मैदानं शेजारी-शेजारी होती. प्लंबर, शिक्षक, दुकानदार रविवारी सकाळी तिथे खेळायचे. एवढी जुनी परंपरा असूनही पंचांशी हुज्जत हा तिथला दुखरा प्रश्न राहिला, आणि २०१९-२० च्या हंगामापासून तळच्या स्तरावर हुज्जत घालणाऱ्याला दहा मिनिटं बाहेर बसवायचा नियम लागू झाला. पंच नसलेल्या टर्फवर हे टीमनंच करायला हवं. जोराचा टॅकल किंवा आईबहिणीवरून शिवी, की पाच मिनिटं जाळीबाहेर. हा नियम सगळ्यात चांगल्या खेळाडूला पहिल्यांदा लावला तर बाकीच्यांना समजावून सांगावं लागत नाही.

शरीराचं काय? फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्म-अप दुखापती कमी करण्यासाठी बनवलेला आहे. पण तो आठवड्यातून किमान दोनदा करायचा असतो. पाच दिवस खुर्चीत बसून सहाव्या रात्री गाडीतून उतरताच स्प्रिंट मारणाऱ्याच्या मांडीचा स्नायू कधीही धरतो. तेव्हा टर्फचा तास नऊचा असेल तर यायची वेळ पावणेनऊ, हेही आधीच ठरवावं. गुडघे थकलेल्यांसाठी इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डमध्ये २०११ साली 'वॉकिंग फुटबॉल' सुरू झालं, ज्यात धावायला मनाई आहे. पुढे ते देशभर पसरलं.

राहतात बारीकसारीक कामं, आणि ती एकाच्याच गळ्यात पडू द्यायची नाहीत. बुकिंग एकाकडे, वर्गणी दुसऱ्याकडे, चेंडूत हवा तिसऱ्याकडे. बिब धुवायची तर पाळीच लावावी. रात्री दहा वाजता दिवे मालवायला आलेला टर्फवाला दाराशी उभा असतो, घामानं चिंब चौदा बिब जाळीजवळ पडलेले असतात, आणि सगळे बूट सोडता सोडता एकमेकांकडे बघत असतात. अशा वेळी पाळीचं नाव ग्रुपवर आधीच टाकलेलं असेल, तर तो माणूस उठतो, बिब पिशवीत कोंबतो, मोजतो, आणि ओरडतो, "तेराच आहेत रे, एक कुणाच्या अंगावर आहे?"