लावणीची जुनी चाल : ऐतिहासिक संगीतप्रयोगाचे पदव्युत्तर अध्ययन

विषयाचे स्वरूप

एखादी रचना तिच्या काळात कोणत्या वाद्यांवर, कोणत्या लयीत आणि कशा बैठकीत सादर होत असे, याचा पुराव्यानिशी शोध घेऊन ती त्या रीतीने सादर करणे म्हणजे ऐतिहासिक संगीतप्रयोग. संगीताचा इतिहासकार निष्कर्ष लिहून थांबू शकतो. येथे तो गाऊन किंवा वाजवून सिद्ध करावा लागतो. या विषयाला वाहिलेली स्कोला कांटोरुम बासिलिएन्सिस ही संस्था स्वित्झर्लंडमधील बाझल येथे १९३३ मध्ये स्थापन झाली.

मराठी सामग्री

मराठीत या अध्ययनाचे सर्वांत समृद्ध क्षेत्र म्हणजे उत्तर पेशवाईतील शाहिरी. राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर यांच्या रचनांच्या संहिता उपलब्ध आहेत. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी संपादित केलेला ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्येच प्रसिद्ध झाला. शब्द असे छापले गेले. चाली मात्र स्वरलिपीत उतरल्या नाहीत. त्या तमाशाच्या फडांत आणि लावणीच्या बैठकीत मुखोद्गत राहिल्या. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे फडांचे प्रमुख केंद्र आहे. चैत्रातील जत्रांच्या सुपाऱ्यांसाठी तेथे फडांच्या राहुट्या लागतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (मृत्यू २००२) यांच्यामुळे हे गाव महाराष्ट्रभर ओळखले गेले.

पुराव्याचे वाचन

स्वरलिपी नसली तरी संहिता पूर्णपणे मुकी नसते. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचना’त जातिरचनांचे आवर्तनांवरून वर्गीकरण केले आहे: पद्मावर्तनी आठ मात्रांची, भृंगावर्तनी सहा मात्रांची. त्यामुळे ओळीच्या मोजणीवरून तालाचा अदमास येतो. आठ मात्रांची ओळ केरव्याच्या अंगाने चालते, सहा मात्रांची दादऱ्याच्या. दुसरा पुरावा संगीत नाटकांचा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत शाकुंतल’मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणी यांच्या रूढ चाली वापरल्या. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदावर मूळ गीताचा उल्लेख करून चाल सांगितलेली असे. नाटकाचे पद परंपरेने ऐकू येत असेल, तर त्या निर्देशाचा माग काढत मूळ लावणीच्या चालीजवळ जाता येते. हा मार्ग फार थोड्यांनी चोखाळला आहे आणि प्रबंधासाठी तो विशेष फलदायी ठरेल.

तिसरा पुरावा फडाच्या वादनात आहे. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज ही तमाशाची मूळ वाद्ये. तुणतुण्याची एकच तार सतत आधारस्वर देते, त्यामुळे गळ्याला स्वरांमधील सूक्ष्म अंतरे मोकळेपणाने घेता येतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजलेल्या पेटीच्या ठरावीक बारा स्वरस्थानांनी ही मोकळीक आवळली. एकच लावणी तुणतुण्यावर आणि पेटीवर गाऊन तुलना करणे हा या अध्ययनातील मूलभूत प्रयोग मानला पाहिजे.

मर्यादा

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले; पेशवाईचा आवाज कोणत्याही तबकडीवर नाही. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असल्याने जुन्या मुद्रणांतही रचना आखडलेल्या आहेत. पुढे ध्वनिवर्धक आला आणि चित्रपटातील लावणीचा ठसा फडावर उमटला. म्हणून आजच्या फडातील चाल हीच होनाजीची चाल, असे विधान करता येत नाही. छंदावरून ताल सुचतो, राग सिद्ध होत नाही. प्रामाणिक अभ्यासक पुराव्याने मिळालेला भाग आणि स्वतःची पूर्ती वेगवेगळी दाखवतो.

अध्ययनाची सोय

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीत, नृत्य व नाट्य यांचे, तर मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत लोककलांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. एकीकडे रागसंगीताची शिस्त आहे, दुसरीकडे फडाशी जवळीक. ऐतिहासिक प्रयोगाला दोन्ही लागतात. अशा अभ्यासक्रमात ढोलकीवादक आणि झीलकरी यांना मानधन देऊन अध्यापक म्हणून बसवावे, अधूनमधून बोलावलेले पाहुणे म्हणून नव्हे. नारायणगाव परिसरातील वयोवृद्ध कलावंतांच्या चालींचे मुद्रण हे त्यातील पहिले काम असावे आणि ते अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट न पाहता सुरू व्हावे.