बर्फात अडकलेला खुनी
कादंबरी : अगाथा ख्रिस्ती यांची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (१९३४).
घटनास्थळ : इस्तंबूलहून कॅलेला निघालेला शयनयान डबा, गाडी युगोस्लाव्हियात बर्फात रुतलेली.
मृत : अमेरिकी धनिक रॅचेट, अंगावर सुऱ्याचे १२ वार.
तपास : बेल्जियन गुप्तहेर हर्क्युल पॉयरो. ना पोलीस, ना प्रयोगशाळा. हाताशी प्रवाशांच्या जबान्या, पासपोर्ट आणि सामानाची झडती.
वास्तवाचे धागे : १९२९ मध्ये खरी ओरिएंट एक्स्प्रेस तुर्कस्तानात काही दिवस बर्फात अडकली होती. १९३१ मध्ये पुरामुळे खुद्द ख्रिस्तीही याच गाडीत खोळंबल्या. कथेत एका अपहरणाचाही धागा आहे; त्यामागे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या बाळाचे १९३२ मधील अपहरण आणि हत्या.
पडद्यावर : सिडनी ल्युमेट यांचा चित्रपट (१९७४), इन्ग्रिड बर्गमन यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर.